४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? पाया २ ची कसोटी एका प्रोग्राममध्ये १ देते, दुसऱ्यात ०

रिकामीवही यांचा प्रश्न

२^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येचे गुणधर्म नीट मांडायचे आहेत: मूळ की संयुक्त, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येते का. खाली तिला ‘स’ म्हणतो.

हाताने एवढे झाले आहे. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने भाग जात नाही. एकाआड एक अंकांची बेरीज-वजाबाकी करून ११ ने बाकी ५. ७ नेही बाकी ५, १३ ने १०. शंभराच्या आतल्या एकाही मूळ संख्येने निःशेष भाग जात नाही.

मग फर्माची कसोटी लावली: संख्या मूळ असेल तर पाया २ चा (संख्या − १) वा घात तिने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. २ पासून सुरुवात, वर्ग करायचा, स ने भागून बाकी घ्यायची, असे ३२ वेळा. स − १ = २^३२ असल्यामुळे शेवटी २^(स−१) ची बाकी हाती येते. जावास्क्रिप्टमध्ये उत्तर १ आले. तीच कृती सी मध्ये, ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात केली तर ०. दोन्हीकडे कृती अक्षरशः एकच आहे.

१ आले म्हणून स मूळ मानायची का? आणि ० कुठून आला? अवयव असतीलच तर ते हाताने शोधायची वाट आहे का? वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे, आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. तेवढे भागाकार कागदावर होणार नाहीत.

---

बाकीशून्य यांचे उत्तर

स संयुक्त आहे. ६,५४२ भागाकारांची गरज नाही, खरे तर एकच पुरतो. मात्र तो कोणता हे आधी ठरवावे लागते.

समजा प ही मूळ संख्या स ला भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे प − १). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे प ने भागताना २ च्या घातांच्या बाक्या ६४ पायऱ्यांनी पुन्हा सुरू होतात. त्याआधी होऊ शकत नाहीत, कारण आवर्तन ६४ चा विभाजक असायला हवे, आणि ते ३२ किंवा त्याहून लहान असते तर २^३२ ची बाकी १ आली असती. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार हे आवर्तन प − १ ला निःशेष भागते. म्हणून प = ६४क + १.

आणखी एक पायरी चढता येते. प ला ८ ने भागून बाकी १ उरते, त्यामुळे प च्या हिशेबात २ हा स्वतःच कुणाचा तरी वर्ग असतो. २ हा र चा वर्ग धरा. २ चे आवर्तन ६४, तर र चे १२८. म्हणून प = १२८क + १. ६४ चे रूप ऑयलरचे, १२८ ची सुधारणा लुकासची, १८७८ मधली. या एका सुधारणेने उमेदवार निम्मे होतात.

आता यादी करा:

१२९ = ३ × ४३, बाद.
२५७, मूळ.
३८५ = ५ × ७ × ११, बाद.
५१३ = २७ × १९, बाद.
६४१, मूळ.

२५७ ने भागायचीही गरज नाही. २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, आणि स त्याहून २ ने मोठी. म्हणून या पाचही संख्यांनी स ला भागले की बाकी २ च येणार. उरला ६४१.

भागाकार मांडतो, कारण चूक नेमकी इथेच होते. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६ गेले, ४४८ उरले. ९ खाली: ४४८९, सात वेळा, ४४८७ गेले, २ उरले. ६ खाली: २६, भाग ०. ७ खाली: २६७, पुन्हा ०. २ खाली: २६७२, चार वेळा, १०८ उरले. ९ खाली: १०८९, एकदा, ४४८ उरले. ७ खाली: ४४८७, सात वेळा, बाकी शून्य.

भागाकार ६७००४१७. मधली दोन शून्ये सुटली तर ६७४१७ लिहिले जाते आणि पुढचे सगळे गणित बिघडते. पडताळा सोपा आहे: दहा अंकी संख्येला तीन अंकीने भागले तर भागाकार सात किंवा आठ अंकी असतो, पाच अंकी कधीच नाही.

आता ६७००४१७ मूळ आहे का? तिचे मूळ अवयवही स चेच अवयव, म्हणून तेही १२८क + १ याच रूपाचे. वर्गमूळ २,५८८ च्या थोडे पुढे, म्हणून यादी २५६१ पाशी संपते. ६४१ पासून २५६१ पर्यंत या रूपाच्या सोळा संख्या आहेत, त्यांत मूळ फक्त चार:

६४१ ने बाकी ४४
७६९ ने बाकी १२०
११५३ ने बाकी ३३४
१४०९ ने बाकी ६२२

उरलेल्या बारा संयुक्त आहेत, जसे १५३७ = २९ × ५३, १९२१ = १७ × ११३, २५६१ = १३ × १९७. बाराही एकदा स्वतः फोडून पाहा. १७९३ मूळ असल्याचा भास होतो, पण ती ११ × १६३ आहे.

म्हणून ६७००४१७ मूळ, आणि स = ६४१ × ६७००४१७ हे अवयव पूर्ण झाले.

ही संख्या फर्माच्या २^(२^क) + १ या मालिकेतली आहे: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग स. पहिल्या पाचही मूळ. त्यावरून मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून लिहिले होते. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा अवयव दाखवला. शंभर वर्षांच्या आसपास टिकलेले अनुमान एका भागाकाराने पडले, म्हणून तो भागाकार एकदा स्वतःच्या हाताने करावाच असे मला वाटते.

---

तेहतीसबिट यांचे उत्तर

१ आणि ० चा भाग मी घेतो. यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत.

पहिला: बरोबर उत्तर कोणते? १. पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. २^३२ ची बाकी −१ येते हे स च्या घडणीतच आहे, तेव्हा पुढचा प्रत्येक वर्ग १ च. फर्माच्या मालिकेतली कोणतीही संख्या, मूळ असो वा संयुक्त, पाया २ ला पास होते. मिलर-रॅबिनची कसोटीही (फर्माच्या कसोटीचे अधिक कडक रूप) २ घेऊन पास होते, कारण तिला साखळीत कुठेतरी −१ दिसला की पुरते आणि तो इथे पाचव्याच वर्गाला दिसतो. ४, ८, १६ हे पाये घेऊनही फरक पडत नाही, ते २ चेच घात.

किती पायांना स फसवते, म्हणजे संयुक्त असूनही फर्माच्या कसोटीत १ देते, हे मोजता येते. स − १ हा २ चा शुद्ध घात, आणि ६४० व ६७००४१६ या दोन्हींत २ चा घात नेमका १२८. म्हणून फसवे पाये १२८ × १२८ = १६,३८४. सव्वाचार अब्जांहून जास्त पायांत एवढेच, म्हणजे अडीच लाखांहून अधिक पायांमागे एक. सहज उचललेला पाया जवळजवळ नक्की खरे सांगतो. २ हा मात्र या संख्येसाठी सर्वांत निरुपयोगी पाया.

दुसरा: ० कुठून आला? साखळी लिहून पाहा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाचव्या वर्गापर्यंत सगळे ठीक. सहाव्यात ४२९४९६७२९६ चा वर्ग, म्हणजे बरोबर २^६४. ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात मावणारी मोठ्यात मोठी संख्या २^६४ − १. एकाने ओसंडले आणि आत शून्य उरले. शून्याचा वर्ग शून्य, शेवटपर्यंत. हे उत्तर चूक आहे हे न मोजताही कळते: स विषम आहे, आणि विषम संख्या २ च्या घाताला निःशेष भागूच शकत नाही. बाकी ० दिसली की गणित नव्हे, प्रोग्राम तपासायचा.

जावास्क्रिप्टमध्ये १ बरोबर आला तो निव्वळ योगायोगाने. तिथल्या साध्या संख्या दशांश-चिन्ह सरकवून साठवल्या जातात आणि २^५३ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक राहतात. पण २^६४ हा २ चा शुद्ध घात असल्याने तोही नेमका साठवला जातो, म्हणून बाकी बरोबर निघाली. पाया ३ घ्या, हे नशीब संपते: ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१, मग ३^३२ = १८५३०२०१८८८५१८४१. हा अजून २^५३ च्या आत आहे, आणि त्याची बाकी ३७९३२०१४५८ बरोबर येते. पुढचा वर्ग वीस अंकी. त्याचे शेवटचे अंक गळतात आणि तिथून पुढची प्रत्येक बाकी बिनकामाची. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही, संख्या देत राहतो.

कुठे किती चालते ते असे:

जावास्क्रिप्टची साधी संख्या: बाकी ९,४९,०६,२६५ पर्यंत असेल तरच वर्ग नक्की बिनचूक.
६४ बिट, चिन्हासह: बाकी ३०३७०००४९९ पर्यंत. वरची ३७९३२०१४५८ इथेही फुटते.
६४ बिट, चिन्हरहित: बाकी २^३२ − १ पर्यंत. स साठी फक्त एकच बाकी बाहेर पडते, स − १. पाया २ ला नेमकी तीच भेटते.

३२ बिटांच्या चिन्हरहित चलात तर स स्वतःच मावत नाही. तिला ३३ बिट लागतात, वरचा बिट कापला जातो आणि आत १ उरतो. १ ने भागून बाकी नेहमी ०, म्हणजे तिथेही शून्यच दिसेल, पण कारण वेगळे. आधी चल छापून पाहायचे.

उपाय: सी मध्ये गुणाकारापुरता १२८ बिटांचा पूर्णांक वापरा (जीसीसी आणि क्लँगमध्ये असतो), जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट (कितीही मोठे पूर्णांक बिनचूक ठेवणारा प्रकार), पायथनमध्ये पाव फंक्शनला तिसरे आर्ग्युमेंट म्हणून स द्या. पायथनमध्ये आधी पूर्ण घात काढून मग बाकी घ्यायला जाऊ नका. ३ चा एवढा घात दोन अब्जांहून जास्त अंकांचा होतो.

पडताळ्यासाठी आकडे: ३ पासून ३१ वर्ग केल्यावर बाकी १०३२४३०३, बत्तिसाव्याला ३०२९०२६१६०. स मूळ असती तर पहिली बाकी −१, म्हणजे ४२९४९६७२९६ आली असती (फर्माच्या मालिकेसाठीची पेपाँची कसोटी हीच), आणि दुसरी १. दोन्ही नाहीत, म्हणून स संयुक्त. तुमच्या प्रोग्रामने हे दोन आकडे दिले तर गुणाकार नीट चालला आहे.

कुठल्याही संख्येसाठी खात्रीची कसोटी हवी असेल तर ४७५९१२३१४१ च्या आत मिलर-रॅबिनला २, ७ आणि ६१ हे तीन पाये पुरतात, आणि स या मर्यादेत बसते. फक्त २ वर कधीही थांबू नये.

---

रिकामीवही

दोन्ही आकडे जुळले, बिगइंट वापरून. आता दोन अडचणी उरल्या. ६४१ माहीत नाही असे धरून पोलार्डची प − १ पद्धत (पायाचा मोठा घात, त्यातून १ वजा, मग स शी मसावि) पाया २ घेऊन चालवली, तर मसावि आधी १ आणि मग एकदम स येतो, मधला अवयव कधीच नाही. आणि स ला दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडून अवयव काढायची फर्माची पद्धत खूप वेळ चालूनही संपत नाही. शिवाय दोन वर्गांच्या बेरजेचे राहिलेच: ६५५३६² + १² हे तर उघड आहे, याहून वेगळी जोडी असते का?

---

बाकीशून्य

प − १ पद्धत पाया २ ने इथे कधीच चालणार नाही. ती पद्धत एका अवयवाचे आवर्तन आधी पूर्ण होते आणि दुसऱ्याचे नाही, या फरकावर जगते. ६४१ आणि ६७००४१७ दोन्हींसाठी २ चे आवर्तन ६४ च आहे, वर तेच सिद्ध केले. घातांक ६४ च्या पटीत गेला की दोन्ही एकाच क्षणी सापडतात, म्हणून मसावि स. तोवर एकही नाही, म्हणून १. पाया ३ घ्या आणि घातांक ६४० = १२८ × ५ ठेवा: ३^६४० − १ आणि स यांचा मसावि ६४१ येतो. ६४० चे अवयव इतके लहान आहेत की योग्य पाया घेतला तर ही पद्धत लगेच यश देते.

वर्गांच्या वजाबाकीची पद्धत अवयव जवळजवळ असतील तेव्हाच वापरावी. ती ६५५३७ पासून एकेक वाढवत अवयवांच्या सरासरीपर्यंत जाते. इथे सरासरी (६४१ + ६७००४१७) ÷ २ = ३३५०५२९, म्हणजे ३२ लाखांहून जास्त पायऱ्या. साधे भागाकार क्रमाने केले असते तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. अवयव जवळ आहेत की लांब हे आधी माहीत नसते, म्हणून लहान मूळ संख्यांनी भागून पाहणे नेहमी पहिले.

---

दोनवर्ग यांचे उत्तर

दुसरी जोडी आहे, आणि ती एकच. मला या संख्येचा हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

६४१ आणि ६७००४१७ या दोन्हींना ४ ने भागून बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे लिहिता येते:

६४१ = २५² + ४²
६७००४१७ = २५५६² + ४०९²

दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज होतो, आणि तोही दोन प्रकारे. हे ब्रह्मगुप्ताचे नित्यसमीकरण. चार गुणाकार करा: २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६, २५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४.

६३९०० + १६३६ = ६५५३६ आणि १०२२५ − १०२२४ = १. ही तुमची जोडी.
६३९०० − १६३६ = ६२२६४ आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९. ही दुसरी.

पडताळा: ६२२६४² = ३८७६८०५६९६, २०४४९² = ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. चिन्हे जुळवताना गोंधळ होतो तो असा: ६३९०० आणि १६३६ ची बेरीज घेतली तर १०२२५ आणि १०२२४ ची वजाबाकीच घ्यायची, आणि उलट. दोन्हीकडे बेरीज घेतली तर संख्या भलतीच येते.

उलट दिशेने गेलात तर यातूनच अवयव मिळतात, भागाकार न करता. दोन्ही जोड्यांतल्या सम संख्या समोरासमोर ठेवा, विषम समोरासमोर. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८ यांचा मसावि ८. बेरजा १२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा: ४ आणि २५. ४² + २५² = ६४१. शिवाय ३२७२ ÷ ८ = ४०९ आणि २०४४८ ÷ ८ = २५५६, म्हणजे दुसरा अवयवही समोर. एखादी संख्या दोन वेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज होत असेल तर ती मूळ नाही, हे यावरून स्वतंत्रपणे कळते. ही पद्धत ऑयलरची.

६४१ स ला भागते हे भागाकाराशिवाय दाखवायचे असेल तर ६४१ ची दोन रूपे पुरतात: ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग.

बाकीचे गुणधर्म. विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि स. त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. स ला वगळून उरलेल्या तिघांची बेरीज ६७०१०५९, स च्या मानाने अगदी तुटपुंजी, म्हणून परिपूर्ण संख्येपासून (जिच्यात ही बेरीज संख्येइतकीच येते) ती फार दूर आहे. स पेक्षा लहान आणि स शी सहमूळ असलेल्या (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या, म्हणजे ऑयलरचे फाय, ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. दोन वेगळ्या मूळ अवयवांच्या गुणाकारासाठी विभाजकांची बेरीज आणि फाय मिळून २ × (संख्या + १) होतात. इथे ८५८९९३४५९६, जुळते. ही तपासणी दर वेळी करावी, मोठ्या गुणाकारात एखादा अंक घसरला तर लगेच उघडा पडतो.

सहमूळ पाया कोणताही घ्या, ज्या घातांकाला बाकी नक्की १ येते असा सर्वांत लहान घातांक म्हणजे ६४० आणि ६७००४१६ यांचा लसावि, ३३५०२०८०. तो फायच्या नेमका १२८ वा भाग आहे.

भूमितीतही ही संख्या आणि तिची शेजारीण वेगळ्या बाजूंना पडतात. विषम बाजूंची समबाजू-समकोन बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपासने काढता येण्यासाठी बाजूंची संख्या फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंची आकृती शक्य असल्याचे दाखवले, आणि ही अट आवश्यकच आहे हे वाँत्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, म्हणून तेवढ्या बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते. फर्माच्या याहून पुढच्या मूळ संख्या सापडलेल्या नसल्याने विषम बाजूंमध्ये माहीत असलेली हीच सर्वांत मोठी. दोन बाजू वाढवून ४२९४९६७२९७ केल्या की ती काढणे अशक्य, कारण ६४१ आणि ६७००४१७ दोन्ही मूळ असल्या तरी फर्माच्या मालिकेतल्या नाहीत.